शिडीपेक्षा उंच भिंत

माझी बायको नवाल अल्जेरियातल्या ओरान शहरात एका शाळेत गणित शिकवते. आणि माझी आई, आमची यम्मा, साठी ओलांडल्यावर नववीची परीक्षा बाहेरून द्यायला निघाली. तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं होतं, ते तिला आयुष्यभर बोचत होतं. अरबी आणि इतिहास तिने स्वतःच उरकले. गणिताला सून घरातच होती. तिथून माझे हाल सुरू झाले.

दुपारची अस्रची नमाज झाली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. मी सकाळभर बस चालवून आलेला असायचो. मला घोटभर कॉफी हवी असायची, बाकी काही नाही.

"खाल्ती, काटकोनाच्या बाजू सहा आणि आठ. कर्ण किती?" नवाल विचारायची. सासूला ती खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणते.

"चौदा."

"नुसती बेरीज नाही हो. आधी वर्ग करायचे."

"ते येतं मला. छत्तीस आणि चौसष्ट. पण वर्ग का करायचे?"

"प्रमेय आहे म्हणून."

"शाळा सोड सांगताना माझा बापही असंच म्हणाला होता. आहे म्हणून."

नवाल माझ्याकडे बघायची. मी साखरेच्या डब्याकडे बघायचो.

वर्ग करून बेरीज करायचं यम्माच्या अंगवळणी पडलं, आणि मग ती जिथे तिथे बेरीजच करत सुटली. एके दिवशी शिडीचं गणित आलं. दहा मीटरची शिडी, तिचा पाय भिंतीपासून सहा मीटरवर. भिंतीवर ती किती उंचावर टेकली?

"इतक्या लांब पाय ठेवून शिडी कोण लावतं? घसरून पडेल मेला."

"कोणी चढत नाहीये, खाल्ती. गणित आहे."

"चढत नाही तर लावली कशाला?" असं म्हणत यम्माने शंभरात छत्तीस मिळवले.

नवालने उसासा टाकला. त्या उसाशाने टेबलावरचा कागद हलला असेल. "वजा करायचं. किती वेळा सांगू? माझ्या वर्गातल्या पोरांना एकदा सांगून कळतं."

"मग त्यांनाच शिकव," यम्मा म्हणाली आणि बाकल्याच्या शेंगांची टोपली घेऊन गच्चीवर गेली.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. "तुझ्या बायकोला सांग, मीठ दे." "तुझ्या आईला सांग, मीठ समोरच आहे." मीठ माझ्याच ताटाजवळ असायचं.

शुक्रवारी कुसकुस खाऊन मी आडवा होणार, तेवढ्यात यम्माने हाक मारली. "होवारी, बस इथे. शिडीचं गणित करायचंय."

"यम्मा, मी याच धड्यात नापास झालो होतो."

"म्हणूनच तू बस. तू उसासे टाकणार नाहीस."

आम्ही दोघांनी मिळून शंभरात छत्तीस मिळवले. वर्गमूळ कॅल्क्युलेटरवर काढलं. साडेअकराच्या थोडं वर. मी सुटलो म्हणून उठायला लागलो.

"थांब. शिडी दहाची ना?"

"हो."

"मग ती साडेअकरावर कशी टेकली?"

"कोणीतरी वरून ओढली असेल."

तिने मला पेन्सिल मारली. "असं काहीतरी विचित्र येतंय ते मला आधीही दिसायचं रे. पण मी जरा विचार करायला लागले की ती उसासा टाकायची, आणि माझं डोकं बंद पडायचं."

तिने आकृती पुन्हा काढली. तिरक्या रेषेवरून बोट फिरवत राहिली. "सगळ्यात लांब हीच. मग दुसरी हिच्याहून आखूडच यायला हवी. म्हणजे काढून टाकायचं." शंभरातून छत्तीस गेले, चौसष्ट राहिले. भिंतीवर आठ मीटर.

नवाल वाळलेले कपडे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कपडे खुर्चीवर टाकून ती समोर बसली.

"पुढचं करूया, खाल्ती?"

"करूया. पण माझं होईपर्यंत तू बोलायचं नाहीस."

नवाल बोलली नाही. ओठ इतके घट्ट मिटले होते की मलाच दम लागला.

परीक्षेत कर्ण तेरा आणि एक बाजू पाच असलेला त्रिकोण आला. यम्माने बारा काढले. गणितात काठावर का होईना, पास झाली. तिने गल्लीभर मकरूद, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, वाटल्या आणि घरी येऊन सांगितलं की आता पुढच्या शाळेत नाव घालते. त्यात त्रिकोणमिती असते म्हणे.

नवालने माझ्याकडे बघितलं. "होवारी शिकवेल," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.