खिडकीवरचा बोर्ड

त्या शाळेत जेवणाच्या दोन तऱ्हा होत्या. घरून डबा आणणारी, नाहीतर फाटकाजवळच्या दुकानातून तळकट पाकिटं विकत घेणारी मुलं हॉलमध्ये बाकांवर बसत. ज्यांच्या घरी ओढाताण होती, त्यांना शाळेच्या स्वयंपाकघरातलं गरम जेवण मिळे. पण ते मागच्या अंगणातल्या एका खिडकीतून. खिडकीच्या डोक्यावर बोर्ड होता, ‘गरीब व गरजू मुलांसाठी मोफत जेवण’. लाल अक्षरं आणि त्यांना काळी सावली. अहो, काय अक्षरं होती म्हणून सांगू! जाणाऱ्यानं पाय थांबवून बघावीत अशी.

ती काढली होती पेंटरनं. सगळी वस्ती त्याला पेंटरच म्हणायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खरं तर वीतभर पाटी मागितली होती. खिडकी कोणती ते कळलं की झालं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण हे महाशय कसले ऐकतायत! ‘बाई, शाळेचं काम आहे, त्यात चिंगूसपणा कशाला? अंगणाच्या पार टोकावरून वाचता आलं पाहिजे!’ असं म्हणून त्यानं चांगल्या जाड प्लायवूडचा, दाराएवढा बोर्ड केला. पैसे घेतले नाहीत. वर कोपऱ्यात ऐटीत सही ठोकली. तेव्हा त्याचे दिवस बरे होते आणि गरीब व गरजू म्हणजे दुसरं कुणीतरी होतं.

मग मशीनवर छापलेले बॅनर आले आणि पेंटरचं काम बघता बघता आटलं. बायको बेकरीत भट्टीवर जायची, तिच्या जिवावर घर कसंबसं चाललं होतं. घरात काही वाया जात नसे. बंद पडलेल्या दुकानांचे जुने बोर्ड पेंटर उचलून आणायचा, कापायचा, वापरायचा. भांड्यांच्या मांडणीवर चपलांच्या दुकानाचं अर्धं नाव होतं आणि लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर एका डॉक्टरच्या बोर्डातलं ‘दात दुखत असल्यास’ एवढंच उरलं होतं. बायको आल्यागेल्याला सांगायची, “आमच्याकडे पेपर घ्यावा लागत नाही, मान वळवली की वाचायला मिळतं.”

लेक सहावीत होती. घरात तिला बबडी म्हणत. डब्यात घालायला काही उरेना, तेव्हा बायको गुपचूप मोठ्या बाईंना भेटून आली आणि लेकीचं जेवण खिडकीवर सुरू करून घेतलं. पेंटरला ते लागलं. रोज संध्याकाळी मात्र विचारायचा, “जेवलीस?”

“हो.”

“काय होतं गं?”

“भात, भाजी, अंडं. संत्रं पण होतं.”

एवढं सांगून पोरगी पातेल्यावर अशी तुटून पडायची की आईबाप एकमेकांकडे बघून हसायचे. वाढीचं वय, दुसरं काय!

उन्हानं बोर्डाचा लाल रंग विटला, तेव्हा मोठ्या बाईंनी पेंटरला पुन्हा रंगाचा हात मारायला बोलावलं. जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा तो शिडीवर उभा राहून ‘गरजू’ हा शब्द गिरवत होता. खाली रांग लागली. स्वयंपाकीणबाई खिडकीतून ताटं देऊ लागल्या. वरून नुसती डोकी दिसत होती. पेंटरनं लेकीच्या वेण्या शोधल्या. रांग पुढे सरकली, संपत आली. वेण्या कुठेच नव्हत्या.

मग ती दिसली. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला नळ होता, तिथे. ओंजळीनं पाणी पीत होती. प्यायली, तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा नळ सोडला. जवळून तिच्या वर्गातल्या मुली गेल्या, तशी वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हतीच. मुली गेल्यावर परत नळ.

 रोज सांगितलेला भात, ती भाजी, ते संत्रं! जेवायला ये म्हणून हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात शिडीखाली पालक समितीतल्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की पेंटरचीच पोर या रांगेतली. त्यानं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. ब्रश डब्यात बुडवला आणि ‘जू’चा उकार गिरवायला घेतला. पोर तिकडे उपाशी आणि बाप इकडे उकार वळणदार करतोय! स्वतःच्याच थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं, पण उकार त्यानं पुरा केला.

शाळा सुटल्यावर तो फाटकाशी थांबला. दोघं अर्ध्या रस्त्यापर्यंत आली. मग त्यानं विचारलं, “नळावर रोज असतेस?”

बबडीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. “तुम्ही बघितलंत?”

“बघितलं.”

“मग हाक का नाही मारली?”

 पेंटरची मान खाली गेली. पोरगी हुशार, तिला कळायचं ते कळलं.

“मी पहिल्या दिवशी गेले होते रांगेत,” ती म्हणाली. “सगळे आधी वर वाचतात, बाबा. मग खाली आमच्याकडे बघतात. आम्हाला लालवाले म्हणतात. एक जण म्हणाला, अक्षर किती भारी आहे! ते तुमचं आहे असं मी सांगितलं नाही.”

“अगं, पण उपाशी राहून...”

“आईला सांगायचं नाही. शाळेत तर कुणालाच नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या.”

भर रस्त्यात तिचे डोळे भरून आले. पेंटरनं शपथ घेतली.

दोनच दिवसांत पालकांची सभा आली. मोठ्या बाईंनी विषय काढला: रांग आणि खिडकी बंद करून सगळ्याच मुलांना एकत्र जेवण दिलं तर? स्वयंपाकघर आहेच, वर मदत मिळवता येईल. समितीचे अध्यक्ष किराणा दुकानदार होते, सरळ माणूस. ते म्हणाले, “बाई, ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांना कशाला वाढायचं? गरजूंना मिळतंय की! त्या बोर्डामुळे उपाशी राहिलेलं एक तरी मूल दाखवा. कुणाची तक्रार आहे?”

 पेंटर मागच्या बाकावर होता.  बोललो तर पोरीची शपथ मोडते. नाही बोललो तर ती उद्याही नळावर. बायको शेजारी बसली होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायला कागद उलटला आणि पेंटर उठला.

“आहे एक मूल,” तो म्हणाला. “माझीच मुलगी.”

सगळ्या माना वळल्या. बायकोनं त्याचा सदरा ओढला, मग तिचा हात तसाच राहिला.

“तिचं जेवण लावलंय, पण ती रांगेत जात नाही. नळावर पाणी पिऊन पोट भरते. मी शिडीवरून बघितलं आणि मला तिला हाक मारता आली नाही. लाज वाटली मला. घोड्याएवढा झालोय मी, मला लाज वाटते, तर त्या पोरांचं काय होत असेल?” त्यानं अंगणाकडे बोट केलं. “तुमच्याकडे नळ आहे. सगळी मुलं तिथे पाणी पितात. कुणाच्या घरी पाणी आहे नि कुणाच्या नाही, असं विचारता का तुम्ही? नळावर बोर्ड नाही, म्हणून माझी पोरगी तिथे उभी राहते. बोर्ड मीच केलाय. बाई छोटा करा म्हणत होत्या, मीच मोठा केला.”

टाळ्याबिळ्या काही पडल्या नाहीत. लोक पायाकडे बघत राहिले. मग एक बाई पुटपुटली, की तिचा मुलगा डबा कचऱ्यात टाकून पाकिटंच खातो, सगळ्यांबरोबर बसला तर भाजी तरी खाईल. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “करून बघू,” ते म्हणाले. “माझ्या पोरापासून सुरुवात करा.”

हॉलबाहेर आल्यावर बायको फक्त एवढंच बोलली, “आणि आपण हसायचो.”

बबडीला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. घरी येऊन तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. “शपथ मोडलीत,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तो जवळ गेला की ती उठून जायची. पेंटरनं समजूत घातली नाही. पोरीचं गुपित त्यानं भर सभेत उघडं केलं होतं, तिचा राग खराच होता. ती बोलली असती तर त्याला आणखी लाज वाटली असती.

नवं सत्र सुरू झालं. खिडकी बंद झाली, हॉलची दोन्ही दारं उघडली. पेंटर बोर्ड उतरवायला शिडी घेऊन गेला, तेव्हा आत सगळी शाळा जेवत होती, अध्यक्षांचा मुलगासुद्धा. कोण कुठल्या घरातलं, काही कळत नव्हतं. त्यानं स्क्रू काढले, बोर्ड उतरवून भिंतीला टेकवला आणि सवयीनं पाठीमागची बाजू बोटानं ठोकून बघितली. प्लायवूड अजून खणखणीत होतं. घरी एक फळी हवीच होती.

मागे कुणीतरी उभं होतं. बबडी.

इतक्या दिवसांनी त्यानं नेहमीचंच विचारलं, “जेवलीस?”

तिनं उष्टा हात पुढे करून दाखवला, भात लागलेला. मग बोर्डाकडे बघितलं.

“बाबा, हा घरी आणू नका.”

“नाही आणत,” पेंटर म्हणाला. “जा, जेवून घे.”