कलमाचा फणस

पेंढ्याखाली हात घालून तुळसाने फणसावर अंगठा दाबला, तो आतच गेला. कापा फणस पिकला तरी बोटाला अशी दाद देत नाही. हा बरका होता. तिने पेंढा पुन्हा सारखा केला, गाईपुढे वैरण टाकली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली, तरी अंगठ्याला तो मऊपणा लागूनच राहिला.

बाहेर तिचा मुलगा भरत सुतळी ताणत होता. नवी मुंबईत टेम्पो चालवून तो कंटाळला होता आणि आता घरी परतून वीस शेळ्यांचा गोठा बांधायचं म्हणत होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर त्यांची वीस गुंठे जागा. दोन आंबे, चार काजू, एक रातांबा, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळी, गाय, तीन शेळ्या आणि मोजायला गेलं की पळणाऱ्या कोंबड्या. एवढ्यात सपाट तुकडा एकच, आणि त्याच्याच कडेला हा फणस. भरतच्या सुतळीच्या बरोबर आत. बापलेकांत ठरलं होतं, पहिलं फळ कापा निघालं तर झाड राहील. बरका निघाला तर करवत.

तुळसाच्या नवऱ्याला, भागोजीला, खात्री होती. नऊ वर्षांपूर्वी महाडच्या रोपवाटिकेतून कापा फणसाचं कलम त्याने एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. उन्हाळ्यात रोज दोन कळशा पाणी, पावसाआधी पाटीभर शेणखत. कलम पाचव्या वर्षी धरतं, याने नववं गाठलं. कुणी टोकलं तर भागोजी म्हणायचा, "जमीन कातळाची हाय."

दोष कातळाचा नव्हता, काबऱ्या शेळीचा होता. कलम लावून दीड महिना झाला असेल. भागोजी कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर होता. तुळसाने शेळीला पाण्यासाठी सोडलं आणि शेण उचलायला वळली, तेवढ्यात शेळीने कलम जोडाखाली मोडून पाला संपवला. उरलेली काडी, जोडावरच्या पट्टीसकट, तुळसाने उकिरड्यात पुरली. महिन्याने भागोजी परतला तेव्हा खालच्या खुंटाला कोंब फुटला होता, आणि त्याला तो कलमाचाच वाटला. खुंट कुठल्याशा रायवळ आठळीचा. त्यातून काय निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता झाड कौलांच्या वर गेलं.

जेवणं झाल्यावर शेजारची जाऊ मंजुळा अंगणात येऊन टेकली.

"वास माझ्या पडवीपातुर आला. नऊ वर्सं वाट बघायला लावलीन गो यानं. तेवढ्यात माझ्या पोरीची दोन बाळंतपणं झाली."

भागोजीने फणस उचलून गोणपाटावर ठेवला. उचलताना त्याची बोटं सालीत रुतली. तुळसाने ते पाहिलं. तरी तो म्हणाला, "खोबरेल आण. आनि कोयती."

बरक्याला कोयती लागत नाही, तो हातानेच उकलतो. अंगणातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. तुळसाने तेलाची वाटी आणून ठेवली, कोयती मात्र हातातच धरली.

"ह्ये कलम नाय," ती म्हणाली. "कलम शेळीनं खाल्लं. तुमी घाटात होतात तवा. मीच सोडलीवती तिला."

मंजुळाने पदर तोंडाला लावला. भागोजी तळहाताला तेल चोळत राहिला.

"कुठली शेळी?"

"काबरी."

"तरीच," तो म्हणाला. "त्या साली कशी तुकतुकीत दिसत व्हती."

भरत म्हणाला, "बाबा, म्हंजे आपलं ठरल्याप्रमाणं…"

"आदी खा."

भागोजीने दोन्ही हातांनी फणस उकलला. गरे पिवळेधमक, बुळबुळीत, रसाने सुटलेले. त्याने एक गिळला, दुसरा गिळला, मग आठळ्या एका बाजूला ठेवत खातच राहिला. तुळसाला एकही घास घेववेना. मंजुळाने सांदणांसाठी गरे मागून घेतले, तेव्हा पातेलं भागोजीनेच भरून दिलं.

"गोड हाय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते कळलं नाही.

उन्हं कलली. तुळसा मोरीत हाताचा चीक काढत होती, तेव्हा बाहेर घाव ऐकू आले. ती तशाच ओल्या हातांनी धावली.

भागोजी भरतने ठोकलेल्या खुंट्या उपटून फणसाच्या अलीकडे ठोकत होता. भरत सुतळीचं दुसरं टोक धरून उभा होता.

"अशानं वीस नाय मावायच्या, बाबा. चौदा मावतील."

"चौदा पाळ." भागोजीने मान वर केली. "तुळसे, तिकडून बघ गो. सरळ हाय का लाइन?"

तिने एक डोळा मिटून पाहिलं. फणसापाशी सुतळी चांगली वीतभर आत वळली होती.

"वाकडी हाय," ती म्हणाली.

"असू दे," म्हणत भागोजीने पुढची खुंटी उचलली.