दोन सारखे टीव्ही

भिंगताईचा राग सगळ्या धंद्याला माहीत होता. चिडली की ती आवाज चढवायची नाही, उलट हळू बोलायची, आणि समोरच्याला वाटायचं, बाई गं, एकदाची ओरड, पण हे हळू बोलणं नको. त्या दिवशी सकाळपासूनच ती हळू बोलत होती.

निमित्त होतं डिस्कचं. घरबसल्या सिनेमा बघायची नवी डिस्क निघाली होती, आणि एक निघून भागलं नव्हतं, दोन निघाल्या होत्या! एक पिवळ्या खोक्यातली आणि एक जांभळ्या. दिसायला अगदी सारख्या, गोल, चकचकीत, मध्ये भोक. पण पिवळी डिस्क जांभळ्यांच्या प्लेयरवर चालेल तर शपथ. वर्षभर दोन्ही गटांनी नुसता उच्छाद मांडला होता. आज एक निर्माता पिवळ्यांनी पळवला की उद्या दोन जांभळ्यांनी फोडलेच म्हणून समजा. दुकानदारांना दोन्हींची कपाटं भरून ठेवावी लागत, आणि गिऱ्हाईक खोकं उलटसुलट करून परत ठेवी. म्हणे, तुमचं काय ते आधी ठरू द्या, मग बघू.

शेवटी संघटनेच्या अध्यक्षांचं डोकं फिरलं. अध्यक्ष म्हणजे बाजारातले सगळ्यात जुने व्हिडिओ दुकानदार. केस पांढरे, बोलणं गोड, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी निर्माते, वितरक, दुकानदार, सगळ्यांना सकाळी अकरा वाजता एका हॉलमध्ये बोलावलं. दोन सारखे टीव्ही शेजारी शेजारी. एकावर पिवळी, एकावर जांभळी, सिनेमा एकच. बघा आणि सही करा. ज्या बाजूला सह्या जास्त, तीच डिस्क पुढच्या हंगामापासून सगळे काढणार आणि सगळे विकणार. दुसरीनं गाशा गुंडाळायचा.

आता टीव्ही लावायचा कुणी, इथे घोडं अडलं. टीव्ही लावणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. त्याचा उजेड, त्याचा काळेपणा, त्याचे रंग जुळवावे लागतात, आणि आकडा दोन घरं जरी इकडचा तिकडे केला की सोन्यासारखं चित्र मातीमोल होतं. लावणारा ज्याचा, निकाल त्याचा! पण नाव निघालं भिंगताईचं आणि वाद मिटला. बावीस वर्षं ती तपासणीच्या खोलीत पडद्यासमोर बसून चित्रातले दोष काढत होती. डोळ्यांवरूनच तिला भिंग हे नाव पडलं होतं. तिनं ठीक म्हटलं की वितरक दुसऱ्यांदा बघायच्या भानगडीत पडत नसत.

खरी गंमत पुढेच आहे. पिवळ्यांच्या इथल्या ऑफिसचा साहेब म्हणजे भिंगताईचा सख्खा धाकटा भाऊ. तरी जांभळ्यांनी लेखी कळवलं, टीव्ही त्याच लावणार असतील तर आमची काही हरकत नाही. त्या पत्राची घडी तिनं पर्समध्ये ठेवली होती. कुणाला दाखवली नाही, पण ठेवली होती. बाईनं आयुष्यभर कमावलं होतं ते एवढंच, की तिच्या शब्दावर परकासुद्धा विसंबतो.

तीन आठवडे तिनं दोन्ही डिस्क कसून तपासल्या. सिनेमात एक जागा होती, काळा कोट घातलेला माणूस अंधाऱ्या जिन्यानं खाली उतरतो. बस, तिथेच सगळं होतं. जांभळीवर कोट आणि अंधार एकमेकांत मिसळून काळा चिखल होई, आणि नीट बघितलं तर त्या चिखलात चौकोन चौकोन हलत. पिवळीवर कोटाची पाचही बटणं मोजता येत. फरक बोटभरच होता, पण होता. पिवळी सरस होती, आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं.

धाकटा रोज फोन करायचा.

"ताई, आकडे नको सांगूस. नुसतं सांग, आपण पुढे आहोत ना?"

"आपण? आपण कोण? मी कुणाच्यात नाही."

"अगं, हूं तरी म्हण!"

"तोंड मिट आणि त्या दिवशी ये," असं म्हणून ती फोन ठेवायची. निकालाआधी बोलायचं नाही हा तिचा नियम होता, आणि भावासाठी तर तो दुप्पट होता.

त्या सकाळी ती आठ वाजताच हॉलवर पोचली. तेव्हाच तिचं डोकं गरम होतं, कारण टेबल डगमगतं, पडद्याच्या फटीतून ऊन आत येतं, आणि दोन्ही टीव्हींना रिमोट एकच चालतो. एकाचं बटण दाबावं तर दुसराही हलतो! राखाडी पट्ट्यांचं चित्र लावून तिनं दोन्ही टीव्ही एकेक घर सरकवत जुळवले. मग नेहमी करायची तसं तिनं केलं. रिमोटचा इशारा टीव्ही जिथून घेतो त्या बारीक खिडकीवर दोन्हीकडे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कात्रीनं कापून लावला. आता कुणी रिमोट दाबत बसलं तरी टीव्ही हलणार नव्हता. रिमोट, कात्री, चिकटपट्टी सगळं तिनं टेबलावर ठेवलं आणि दाराजवळच्या कागदावर लिहिलं, दोन्ही टीव्ही सारखे लावले आहेत, आणि खाली सही ठोकली. मग ती हात धुऊन चहा प्यायला बाहेर गेली. वीस मिनिटं, जास्त नाही.

अकराला हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला जांभळ्यांचा टायवाला, डाव्या हाताला धाकटा. दिवे घालवले. सिनेमा सुरू झाला.

पाचच मिनिटांत लोक कुजबुजायला लागले. पिवळीचं चित्र लख्ख होतं, आणि जांभळीचं? शी! माणसांचे तोंडवळे राखेसारखे, आभाळ मळकं, जणू पडद्यावर धुळीचा थर बसलाय. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आमच्या जुन्या कॅसेटपेक्षा वाईट." हशा पिकला. टायवाल्याच्या कपाळावर घाम आला.

आणि भिंगताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण फरक बोटभर होता आणि इथे हातभर दिसत होता. तीन आठवडे तिनं हे चित्र पाठ केलं होतं. जांभळी इतकी वाईट नव्हती! ती अंधारातच उठली आणि जांभळ्या टीव्हीपाशी जाऊन वाकली. चिकटपट्टी जागच्या जागी होती. पण ही पट्टी तिनं लावलेली नव्हती. तिच्या पट्टीच्या कडा सरळ असायच्या, हिची एक कड दातऱ्या दातऱ्या होती, दातानं तोडल्यासारखी. कात्री शेजारी असताना दातानं तोडणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. लहानपणी वह्यांना कव्हर घालायचे तेव्हा त्यावरून त्यानं तिचा मार खाल्ला होता.

तिनं मागे वळून बघितलं. पडद्याच्या उजेडात धाकट्याचा चेहरा दिसत होता, आणि तो बुटांकडे बघत होता.

आता काय करायचं? गप्प बसली असती तर सगळं सुरळीत होत होतं. लोकांनी खिशातली पेनं काढलीच होती. पिवळी जिंकणार होती, आणि गंमत म्हणजे जिंकायला हवी होती तीच जिंकणार होती! भाऊ तरला असता, धंदा तरला असता, चांगली डिस्क घरोघरी गेली असती. फक्त दाराजवळच्या कागदाखाली तिची सही होती, आणि तो कागद आता धडधडीत खोटा होता. बावीस वर्षांत तिनं खोट्याखाली सही केली नव्हती.

"दिवे लावा," ती म्हणाली. कुणी हललं नाही, कारण ती अगदीच हळू म्हणाली होती. मग तिनंच भिंतीपाशी जाऊन खटाखट सगळी बटणं दाबली.

"हा टीव्ही मी लावलेला नाही. सकाळी मी लावला, नंतर कुणीतरी बिघडवला. मी पुन्हा लावते. तुम्ही पुन्हा बघा."

मग काय विचारता! निम्मे उभे राहिले, निम्मे ओरडायला लागले. टायवाला ताडकन उठला आणि बोट धाकट्याकडे करून म्हणाला, "कुणीतरी म्हणजे कुणी ते सगळ्यांना कळतंय." धाकट्याचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं नाकारलं असतं तरी कुणाला पटलं नसतं, आणि त्यानं नाकारलंही नाही.

भिंगताईनं त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. वायरींची भेंडोळी आणि मोडक्या खुर्च्यांमध्ये दोघं समोरासमोर उभे राहिले.

"किती घरं खाली आणलंस?"

"ताई, थोडंसंच…"

"किती?"

"उजेड नऊ. रंग सहा." मग तोही उसळला. "सगळेच करतात! जांभळ्यांनी संधी मिळाली असती तर केलं नसतं? माझ्याकडे तीस माणसं आहेत. आज हरलो तर उद्या ऑफिसला कुलूप. आणि तू! घरचं माणूस असून एक शब्द काढत नाहीस. मला वाटलं, आपली वाईट आहे म्हणूनच ही गप्प आहे."

"जिंकत होतास रे गाढवा!" आता मात्र ती ओरडली. "हात न लावता जिंकत होतास! तुझी डिस्क चांगली आहे. तीन आठवडे मला माहीत आहे."

तो एका मोडक्या खुर्चीवर टेकला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?"

"तू माझा भाऊ आहेस म्हणून नाही सांगितलं! परक्याला एखाद वेळेस सांगितलंही असतं."

हे बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्याही. एक हूं. फोनवर एक हूं म्हटलं असतं तर या मूर्खानं रिमोटला हात लावला नसता. तिनं तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. ती नक्की कुणाला होती हे तिलाही ठरवता आलं नसतं.

बाहेर येऊन तिनं चिकटपट्टी उपटली, राखाडी पट्ट्यांचं चित्र लावलं आणि सगळ्यांच्या देखत जांभळा टीव्ही पुन्हा जुळवला. टायवाल्याला शेजारी उभं करून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. दिवे पुन्हा घालवले. तिनं थेट जिन्याचीच जागा लावली. काळा कोट उतरायला लागला.

"बटणं बघा," ती म्हणाली. "दोन्हीकडची मोजा."

पिवळीवर पाच होती. जांभळीवर दोन, फार तर अडीच. आंधळ्यालाही दिसावं असं होतं. पण बघतंय कोण? लोक धाकट्याकडे बघत होते, तिच्याकडे बघत होते, एकमेकांच्या कानाला लागत होते. "बहीणभावानं मिळून केलं असणार, अंगाशी आलं म्हणून ही उलटली." हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. माणूस तिच्या ओळखीचा होता. गेल्याच वर्षी त्यानं तिला फोन करून आपल्या दुकानातले चार टीव्ही लावून घेतले होते.

सह्यांचं टेबल दारापाशी होतं. दोन रकाने, पिवळा आणि जांभळा. लोक रांगेनं जात होते, वाकत होते आणि सगळे एकाच बाजूला वाकत होते. टायवाला प्रत्येकाशी हात मिळवत होता. जाता जाता तो तिलाही म्हणाला, "तुमचे उपकार विसरणार नाही." तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं पुढे केलेला हात खिशात घातला.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष उठले. ते टेबलापाशी पोचायच्या आत भिंगताईनं त्यांना गाठलं.

"तुम्ही तरी ऐका. त्यानं शेण खाल्लं, मान्य. त्याला पाहिजे ती शिक्षा करा, संघटनेतून काढून टाका. पण डिस्क पिवळीच चांगली आहे. मी सांगते."

अध्यक्ष थांबले. वीस वर्षं त्यांच्या दुकानातला प्रत्येक सिनेमा तिच्या होकारानं आत आला होता.

"ताई, तुम्ही आज जे केलंत ना, ते माझ्याच्यानं झालं नसतं. मानलं तुम्हाला."

"मला मानू नका! पडद्याकडे बघा. अजून लावलेलाच आहे. दोन मिनिटं लागतील."

त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आवाजात इतकी माया होती की तिला तो हात झटकून टाकावासा वाटला.

"शेवटी पाठचा भाऊ आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी जांभळ्या रकान्यात सही केली.