दिवंगत फॉस्टिन

‘काठावर’ हे कवितांचं त्रैमासिक मालवणातून निघतं. ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांच्या कविता छापायच्या आणि नफा कमवायचा नाही, असं संपादक सुदेश सरांनी पहिल्याच अंकात जाहीर केलं होतं. दुसरं वचन पाळणं त्यांना कधी जड गेलं नाही.

देवबागच्या सेवरीनाच्या कविता मात्र ते परत पाठवत. ख्रिस्ती, सातवी शिकलेली, मासे विकणारी. बाईत काही कमी नव्हतं. कवितांत होतं. त्यांत ती सुखी होती. ‘वेदना शोधा,’ असं सर मायेनं लिहीत.

मग तिचा नवरा फॉस्टिन मोसमभर रत्नागिरीच्या ट्रॉलरवर गेला. त्याच्या रिकाम्या खाटेवर तिनं कविता पाठवली आणि ती उलट टपाली स्वीकारली गेली. ‘समुद्रविधवा’ विशेषांकाचं पहिलं पान! छापण्याआधी ते पान तिला पाहायला आलं. भोवती काळी चौकट, खाली ‘दिवंगत फॉस्टिन यांस’.

तिनं फोन लावला. “सर, माझो घोव जितो आसा.”

सर खचलेच. “अरेरे! नक्की ना?”

“परवाच इलो. जेवता मा समोर.”

“हे पाहा सेवरीनाताई, तो गेला असेल तर कवितेत पोकळी आहे. असेल तर नुसती खाट. मी खाट छापू शकत नाही हो.”

लग्नाआधीपासून ती लिहीत होती. छापून एक ओळ आली नव्हती. तिनं फोनवर हात ठेवून फॉस्टिनकडे पाहिलं. तो बांगड्याचा काटा काढत म्हणाला, “मेलंय तर मेलंय गो. तुझा नाव येतला मा?”

प्रकाशन कुडाळच्या सभागृहात झालं. बरोबर यायचा हट्ट फॉस्टिनचाच. दारातल्या कार्यकर्तीनं विचारलं, “आपण?”

“शेजारी,” तो म्हणाला. त्याला मागे बसवलं. सरांनी दिवंगतांसाठी सगळ्यांना उभं केलं तेव्हा तोही उभा राहिला, हात बांधून, इतरांपेक्षा ताठ.

कविता वाचून झाली की खरं सांगायचं, मागे बोट दाखवायचं, असं सेवरीनानं एसटीतच ठरवलं होतं. तिनं वाचली. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुशीत होत्या. आजवर तिचं इतकं लक्ष देऊन फक्त एकाच माणसानं ऐकलं होतं, आणि तो कार्यक्रमपत्रिकेनुसार बुडाला होता.

“ताई,” सरांनी माइक तिच्याकडे सरकवला, “कसे होते हो ते?”

तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं. फॉस्टिननं हसून मान हलवली. सांग गो, सांग.

“बरो होतो,” सेवरीना माइकवर म्हणाली. मग सभागृह अजून थांबलंय हे बघून पुढे म्हणाली, “बुडताना माका हाक मारल्यान. माका ऐकाक येवक नाय.”

हुंदका फुटला तो सरांचाच पहिला.

मागे फॉस्टिननं छातीवर क्रूस काढला. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, “ओळखीचे होते का?”

“तोंडओळख,” फॉस्टिन म्हणाला.