माशांचा उपास

एकनाथच्या टाचा बऱ्या झाल्या त्याचं सगळं श्रेय मंगलाने परस्पर स्वतःकडे घेऊन टाकलं होतं. ओमानमधल्या रुस्ताकच्या कोरड्या हवेत, तापलेल्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाच्या टाचांचं जे व्हायचं तेच झालं होतं. भेगा अशा, की चादरीचे धागे अडकायचे. मग मंगलाने महाडहून कोकमतेलाचे गोळे मागवले, एक डबीत घालून नवऱ्याच्या हातात दिला आणि रोज आंघोळीनंतर लावायचा असा दम भरला. थोड्याच महिन्यांत टाचा नव्या नवरीसारख्या झाल्या. तेव्हापासून गावातल्या एकाही मराठी बाईची सुटका कोकमतेलाचं माहात्म्य ऐकल्याशिवाय होत नसे.

तिच्या अभिमानाचा दुसरा विषय होता मासे. घरामागे थोडं चाललं की वादी लागायची, म्हणजे नदीचं दगडगोट्यांनी भरलेलं कोरडं पात्र. ते एका ठिकाणी मात्र कोरडं नव्हतं. कातळाखालून पाणी यायचं आणि त्याचा एक लांबट डोह झाला होता. त्यातूनच पुढे शेजारच्या सफियाच्या खजुराच्या बागेला पाट जायचा. त्या डोहात बोटाएवढे, करड्या रंगाचे मासे होते. दिसायला अगदी सुमार. माणसाची चाहूल लागली की दगडाखाली गडप व्हायचे.

मंगलाच्या माहेरी महाडजवळ देवीचा डोह होता. तिथल्या माशांना कोणी गळ लावत नसे. लोक काठावर बसून कुरमुरे टाकत आणि मासे हक्काने वर येत. रेवा, तिची एकुलती एक लेक, कॉलेजला पुण्याला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा मंगला कुरमुऱ्यांचा स्टीलचा डबा घेऊन या डोहावर येऊन बसू लागली. झाकणावर चमचा वाजवायचा आणि कुरमुरे टाकायचे. असं बरेच दिवस केल्यावर नुसत्या आवाजाने सगळी करडी फौज दगडांखालून बाहेर यायला लागली. मग ती त्यांच्याशी बोलायची. रेवाचा फोन आला नाही, पोरीने मेसच्या जेवणाला नावं ठेवली, असलं सगळं. माणसांसमोर रडायला तिला लाज वाटायची, माशांसमोर वाटत नसे.

आणि नेमका हा डोह अर्बाबच्या डोळ्यांत भरला. अर्बाब यूनुस म्हणजे एकनाथचा मालक. माणूस दिलदार, हसतमुख, पण डोक्यात एखादी इमारत शिरली की तिच्यापुढे काही दिसायचं नाही. रस्त्याकडेला त्याचं मोठं सुपरमार्केट उभं राहत होतं आणि त्याच्या गाड्यांसाठी त्याला डोह बुजवून सपाट जागा हवी होती. बांधकामाचा राडारोडा काठावर येऊन पडायलाही लागला.

सफिया आणि बाकीच्या बागवाल्यांनी सरकारदरबारी तक्रार केली. शुक्रवारी ती माणसं काठ साफ करायला उतरली तेव्हा मंगला रुस्ताकमधल्या सगळ्या मराठी घरांना घेऊन तिथे हजर झाली. घमेली भरून सिमेंटचे तुकडे उचलले गेले, प्लॅस्टिक वेचलं गेलं, सफियाने सगळ्यांना कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर दिले. एकनाथ तेवढा आला नाही.

"अर्बाबच्या पगारावर जगायचं आणि अर्बाबच्याच वाटेत दगड व्हायचं? मला ओढू नकोस यात," तो म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. एसीचा गार वारा खात बसा," मंगला म्हणाली, आणि तिला त्याचा खरोखर राग आला.

तक्रारीचा परिणाम झाला. मस्कतहून अमीन नावाचा तरुण अधिकारी बुधवारी पाहणीला येणार असं कळलं. त्याला एवढंच बघायचं होतं: डोहात मासे नांदत असतील तर भराव होणार नाही, आणि नुसतं डासांचं डबकं असेल तर अर्बाबने ते खुशाल बुजवावं. अर्बाब गावभर सांगत फिरत होता, "माफी समक! मछली है ही नहीं." त्यात त्याची चूकही नव्हती. त्याने कधी पाहिलेच नव्हते.

आता सगळं मंगलाच्या डब्यावर येऊन ठेपलं. अधिकाऱ्यासमोर झाकण वाजलं पाहिजे आणि मासे वर आले पाहिजेत. त्यासाठी ते भुकेले हवेत. पण त्या शुक्रवारपासून मराठी घरांतून डोहावर जो तो काहीबाही टाकायला जाऊ लागला होता. म्हणून सोमवारी तिने शुभदाला बजावलं, "बुधवारपर्यंत माशांना उपास. सगळ्यांना सांग."

शुभदा रुस्ताकमधली सगळ्यात भरवशाची बाई. तिने अक्षरही न बदलता निरोप घरोघर पोचवला.

बुधवारी सकाळी डोहावर ही गर्दी. एका बाजूला सफिया आणि बागवाले, दुसऱ्या बाजूला शुभदा, शाळेत गणित शिकवणारे भानुदासराव, बेकरीतला प्रेमानंद आणि इतर मराठी मंडळी. मधे पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशातला अर्बाब, आणि त्याच्या मागे खाली मान घालून एकनाथ. अमीनसाहेब पुण्यात शिकलेला निघाला. हिंदी छान बोलत होता.

"हां आंटी, बुलाइए अपनी मछलियों को," तो म्हणाला.

मंगलाने पदर खोचला, डबा मांडीवर घेतला आणि झाकणावर चमचा वाजवला. टण् टण् टण्. पाणी ढिम्म. तिने कुरमुरे टाकले. ते तरंगत राहिले. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात. एक बेडूक मात्र घाबरून पळाला.

"खलास?" अर्बाबने मायेनेच विचारलं.

आपण वेड्यासारखं वर्षभर कोणाशी बोलत होतो, असं क्षणभर मंगलाच्या मनात येऊन गेलं. उद्या इथे भराव पडेल, परवा गाड्या उभ्या राहतील, आणि आपण कुठे जाऊन बसायचं? तिला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं.

तेवढ्यात अमीन काठाशी वाकला. उथळ पाण्यात पांढरे, अर्धपारदर्शक मोती पसरले होते. त्याने दोन बोटांनी एक उचलला आणि त्याचे डोळे चमकले. "ये तो मछली के अंडे हैं!"

मंगलाने तो मोती पाहिला आणि लगेच ओळखला. आयुष्यभर उपास केलेल्या बाईला साबुदाणा ओळखायला चष्मा लागत नाही. तिने मान वळवली. शुभदा आकाशाकडे बघत होती. प्रेमानंद चपलेचा अंगठा तपासत होता. अंडी आहेत तर मासे आहेत, आणि मासे आहेत तर डोह वाचला. नुसतं गप्प बसलं की झालं. आणि मंगला गप्प बसली, हे कबूल केलंच पाहिजे.

भानुदासराव मात्र गप्प बसले नाहीत. "जी साब, अंडे! बिलकुल ताजे अंडे!" त्यांनी ठासून सांगितलं.

"अच्छा," अमीनने आणखी एक मूठ पाणी उचललं आणि हातातला ऐवज निरखून पाहिला. "और अंडों में ये हरी मिर्च किसने डाली? मूँगफली भी है." मग तो मंगलाकडे वळला आणि चक्क मराठीत म्हणाला, "आंटी, ही खिचडी आहे. पुण्याला मेसमध्ये दर गुरुवारी होती."

बागवाल्यांना काही कळेना, सफिया ओढणीत तोंड लपवून हसायला लागली आणि अर्बाबच्या चेहऱ्यावर ईदचं चांदणं पसरलं.

"शुभदा!" मंगला दातओठ खात म्हणाली. "मी उपास म्हणाले होते ना?"

"मग उपासाचंच घातलं की!" शुभदा कळवळून म्हणाली. "पोळीचा एक तुकडाही टाकला नाही गं कोणी. मी खिचडी आणली, भानुदासरावांनी उकडलेली रताळी, प्रेमानंद भाऊंनी दाण्याचे लाडू. मुके जीव ते, त्यांना निरंकार कसं ठेवायचं?"

म्हणजे मासे होते. तृप्त होऊन, दगडाखाली आडवे झाले होते. मराठी माणूस उपासाच्या दिवशी एरवीपेक्षा दुप्पट जेवतो, हे मंगलाने हिशेबातच धरलं नव्हतं, आणि आता ते या साहेबाला कोणत्या तोंडाने सांगायचं? एकदा अंड्यांची थाप पकडली गेल्यावर खऱ्यावरही कोण विश्वास ठेवणार?

अमीनने हात झटकले. "चलिए फिर," तो गाडीकडे वळणार इतक्यात मागून आवाज आला.

"अर्बाब, साब को पानी का गहराई दिखाना है ना?"

एकनाथ होता. मान अजून खालीच, पण आवाज स्वच्छ. "कितना भराव लगेगा, साब को मालूम होना चाहिए. घुटने तक भी नहीं है. आप उतर के दिखाओ, साब को यकीन होगा."

मंगलाला वाटलं, धरणीने आता आपल्याला पोटात घ्यावं. नवरा भरावाचं माप काढून देत होता! तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला असता.

अर्बाबला मात्र कल्पना फारच पसंत पडली. जिंकलेल्या माणसाला थोडा दिमाख हवाच असतो. त्याने चपला काढल्या, दिशदाशा पोटऱ्यांपर्यंत उचलला आणि पाण्यात उतरून तो डोहाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "शूफ! देखो! माफी समक, माफी कु..."

पुढचं अक्षर घशातच राहिलं. अर्बाबने एक पाय उचलला. मग दुसरा. मग त्याच्या तोंडून असा एक बारीक चीत्कार निघाला, की सफियाच्या बागेतली पाखरं उडाली. "या अल्ला! हीहीही! क्या है ये? हीहीही! यल्ला, हटाओ! नहीं नहीं, रुको, रुको!"

त्याच्या पायांभोवती करडी फौज जमली होती. टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या, जिथे कातडी कडक झाली होती तिथे तिथे मासे मन लावून कुरतडत होते. खिचडी झाली, रताळी झाली, लाडू झाले. एवढ्या जेवणावर बडीशेप नको का?

अमीन आधी हसला, मग त्याने मोबाइल काढून अर्बाबच्या पायांचे फोटो घेतले, आणि मग हसू आवरत त्याने निकाल सांगितला: भराव होणार नाही. पडलेला राडारोडा अर्बाबने उचलायचा आणि गाड्या रस्त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत लावायच्या. अर्बाब ते ऐकत होता की नाही, देव जाणे. तो कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून तसाच पाण्यात उभा होता.

घरी आल्यावर मंगलाने आधी देवापुढे साखर ठेवली. मग ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, मी वर्षभर त्या डोहावर जाते. मी कधी पाय नाही घातला. पाय घातला की ते येतात, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

एकनाथची नजर नको तिथे, स्वतःच्या टाचांकडे गेली. मंगलाची नजर मागोमाग गेली. ती तडक न्हाणीघरात शिरली आणि कोकमतेलाची डबी घेऊन बाहेर आली. आत गोळा जसाच्या तसा, पांढराफटक. त्याच्यावर नखाचा ओरखडाही नव्हता.

"आणि मी त्या शुभदाला शपथेवर सांगितलं!" ती ओरडली. "तिच्या नवऱ्याला चोळायला लावलं!"

"सांगणार होतो," तो ओशाळून म्हणाला. "तू एवढी खूश होतीस टाचा बघून, मग राहूनच गेलं. तू सकाळी जाऊन येतेस ना, त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी जातो. पाय सोडून बसतो."

"कशासाठी?"

एकनाथने खिडकीकडे तोंड केलं. "रेवा लहान असताना मला उठवायला तळपायाला गुदगुल्या करायची. आठवतं? ती गेली नि घरात कोणी पायाला हात लावणारं राहिलं नाही. एकदा सहज पाय घातले पाण्यात, तर अगदी तसंच झालं. लहान बोटांसारखं." "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. आणि मग मीही."

मंगला खरंच रडली. त्याला वाटलं होतं तशीच. पण डबी तिने त्याच्या अंगावर फेकली, तीही खरंच.

शुक्रवारी दोघं पहिल्यांदाच जोडीने डोहावर गेले. तिथे आधीच कोणी तरी कातळावर बसलं होतं. दिशदाशा गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात, चेहऱ्यावर अपार समाधान. त्यांना पाहून अर्बाब सरकला आणि त्याने शेजारी जागा करून दिली.

मंगलाने सवयीने डब्याचं झाकण उघडायला घेतलं.

"नहीं मंगला," अर्बाब घाईघाईने म्हणाला. "खाना बाद में. पहले पाँव."

तिने एकनाथकडे पाहिलं, डबा बाजूला ठेवला, साडी जरा वर घेतली आणि पाण्यात पाय सोडले.