एकविसाव्या दिवशी रडलेली बाभूळ

गावात आलेल्या चमत्कारी बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं. ते आल्यापासून बरोबर एकविसाव्या दिवशी बाभूळ रडली, आणि तिच्या सोबतीला रडायला अख्खं गाव वाळवंटाच्या कडेला लोटलं.

"तीन वर्षं पावसाचा थेंब नाही, तरी ही हिरवी!" बाबा गरजले. "कुणाच्या कृपेने?" आणि लाजून खाली बघितलं, म्हणजे कुणाच्या ते लोकांना कळावं.

गर्दीत गुरुजी बायकोचा हात धरून उभे होते. बाभळीचं मूळ विहिरीहून खोल जातं, इवल्याशा पानांतून पाणी फारसं उडत नाही, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण बायकोला काचबिंदू होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की घाबरायचे मात्र गुरुजी. डॉक्टरांची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती. बाबा तर नुसते बाभळीचे अश्रू डोळ्यात घालणार होते.

"या मास्तर! शिकलेला माणूस आधी!"

तेवढ्यात डिंक गोळा करणारी बाई टोपली घेऊन पुढे घुसली. "या बाभळीला कापड कशाला गुंडाळलंय हो? थंडी वाजते?"

लोक हसेपर्यंत तिने कापड वर केलंसुद्धा. खाली वीतभर साल सोललेली.

"अश्रू कसले, डिंक आहे हा! साल सोलली की उन्हाळ्यात तीन आठवड्यांत येतो. आम्ही पोटासाठी हेच करतो, फक्त आधी भविष्य सांगत नाही."

"अडाणी बाई!" बाबा ओरडले.

"अडाणी कशी? गुरुजींच्या वर्गात होते मी. डिंक म्हणजे झाडाने जखमेवर धरलेली खपली. तुम्हीच शिकवलंत ना, गुरुजी?"

सगळ्या माना वळल्या. बाभळीच्या मुळाच्या वाटेने जमिनीत शिरता आलं असतं, तर गुरुजी तत्क्षणी शिरले असते.

"हो," ते पुटपुटले. "ठाऊक होतं मला."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं काम आठवलं.

"ठाऊक होतं?" बायकोने हात सोडवून घेतला. "मग मला इथे कशाला आणलंत?"

"भीती वाटली गं."

"डोळा माझा, आणि भीती तुमची!"

त्याच दुपारी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवू."

शस्त्रक्रिया झाल्यावर गुरुजी त्याच बाभळीखाली उभे राहिले. लोक जमले. "मला सगळं येत होतं," ते मान खाली घालून म्हणाले, "पण मी ते फळ्यावरच ठेवून आलो. तुम्ही तसं करू नका. कुणी झाडाचे अश्रू दाखवले, तर आधी कापड वर करून बघा."