झग्याच्या खोक्यात हलवा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गल्फमधल्या गाला भागातल्या नूरुद्दीनभाईंच्या टपाल-काउंटरवर बसतो. कारखान्यात मला घासूनपुसून, जोखून घडवलं, तेव्हापासून मी कधी खोटं बोललो नाही. माझ्या डोक्यावरच्या दरफलकाबद्दल मात्र असं म्हणवत नाही.

पूर्वी माझ्यापुढे रांग असे. नाताळची कार्डं, बाळांचे फोटो, सगळं माझ्या ताटलीवरून विमानात जाई. मग लोक हुशार झाले. गावी कोण जातंय ते हुडकायचं आणि त्याच्या बॅगेत आपलं गाठोडं कोंबायचं. फुकटात काम! भाई माझ्यावर चहाचा कप ठेवू लागले.

यंदा शेजारच्या देशात युद्ध पेटलं, विमानं रद्द झाली आणि मला हसणारे तेच लोक पार्सलं कवटाळून हजर! टपाल लांबच्या वाटेनं जाऊ लागलं, आणि फलकावरचा दर सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.

अशात जवळच्याच अल् घुब्रा वस्तीतून ब्रिजेट आणि तिचा नवरा ॲम्ब्रोज आले. वसईला तिच्या नणंदेच्या, जॅस्मिनच्या बाळाचा येत्या रविवारी बाप्तिस्मा. त्यांच्या घरातलं प्रत्येक मूल एकाच पांढऱ्या झग्यात बाप्तिस्मा घेतं. ब्रिजेटच्या मुलाच्या वेळी इकडे आलेला तो झगा इथेच राहिला होता. तो पाठव म्हणून ब्रिजेट कधीची नवऱ्याच्या मागे लागली होती; ॲम्ब्रोजचं एकच, “कुणीतरी जाणारं भेटेल गं.”

त्यानं खोकं ठेवलं आणि माझा काटा सरसर पुढे धावला.

“झग्याचं एवढं वजन?” ब्रिजेटनं विचारलं.

“थोडा हलवा, खजूर, दुधाची पावडर. नुसता झगा पाठवला तर आई म्हणेल, गल्फला जाऊन भिकेला लागले.”

“काढ ते सगळं. आत्ताच्या आत्ता!”

“थांब गं. भाई, कालचा दर लावा ना! आपण काय परके?”

“दर माझ्या हातात नाय, ॲम्ब्रोज. टपालाची ही शेवटची थैली, पुढचं विमान कधी ते खुदा जाणे. यल्ला, ठरवा लवकर.”

ब्रिजेट नखांनी चिकटपट्टी ओरबाडू लागली. पट्टी कसली, नवऱ्यानं खोक्याला प्लास्टरच घातलं होतं! वर तो खोकं धरून बसला, हलवा सांडेल म्हणून. तेवढ्यात बाहेर टपालाची गाडी सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

“खलास,” भाई म्हणाले.

“मग हलवा तरी जहाजानं जाईल ना?” ॲम्ब्रोजनं विचारलं. खरंच विचारलं हो!

ब्रिजेटनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झगा काढून छातीशी धरला आणि फोन लावला. “जॅस्मिन, बाळाला दुसरा झगा घे गं. हा नाही पोचत.”

मित्रांनो, माझी काच पुसत जा, थोडं तेल घाला, एवढंच मागणं. आणि कुणाची मोलाची वस्तू पोचवायची असेल, तर तेवढीच पाठवा. सोबत आपला मोठेपणा भरू नका. त्याचं वजन मला लगेच कळतं.